अप्पांना हवा असलेला पंप

हनुमेशनं विहिरीवरचा पंप ओढत आणून खाटेपाशी ठेवला. विरूपण्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"पंप…" ते जड जिभेनं पुन्हा म्हणाले.

"अप्पा, अहो हा पंपच आहे! तुम्हीच दुरुस्त केलेला."

"पंप…"

अर्धांगाच्या झटक्यात विरूपण्णांची वाचा गेली होती. आठ दिवसांपूर्वी ती परत आली, पण एवढ्या एका शब्दापुरतीच. कमलापुरात त्यांनी चाळीस वर्षं पंपदुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. त्यांना दुसरं काय आठवणार, असं सगळेच म्हणाले. पण नेमका कुठला पंप, ते कुणाला कळेना.

हनुमेशनं आधी सायकलचा पंप आणला. मग स्टोव्हला पंप मारून दाखवला. औषध फवारायचा पंप पाठीला अडकवून खोलीभर फिरला. शेजारचा बसण्णा म्हणाला, "अरे, धाप लागत असेल त्यांना. दम्याचा पंप मागत असतील." तोही आणला. विरूपण्णांनी तो धड हातानं भिरकावून दिला.

"मग आता पेट्रोल पंपावरच नेऊन बसवू," बसण्णा म्हणाला.

हनुमेशला हसू आलं नाही. बापाचा जीव कशात तरी अडकलाय आणि आपल्याला साधा एक शब्द उमगत नाही, या विचारानं त्याची झोप उडाली होती.

त्याची आई, गौरव्वा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ज्वारीची आंबील ढवळत होती. आठ दिवसांत ती या भानगडीत एकदाही पडली नव्हती.

"अव्वा, तू तरी सांग की! दुकानात एखादा जुना पंप होता का, त्यांच्या आवडीचा?"

"दुकानातला नाही रे."

"म्हणजे तुला ठाऊक आहे?"

गौरव्वानं वाटी खाली ठेवली. "लग्नाआधी माझं नाव पंपा होतं. तुझ्या आजीनं बदललं."

हनुमेश बघतच राहिला. "आणि तू गप्प बसलीस? मी गावभर पंप गोळा करत फिरलो! एकदा ओ द्यायचीस ना त्यांना!"

"चाळीस वर्षं नुसतं 'ए' नि 'ऐकलंस का' केलंय त्यांनी," ती हलकेच म्हणाली. "आता ओ दिली, तर थांबतील ना रे."