ऑगस्टचे गुण

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या रॅकवर हेल्मेट एक्केचाळीस होती. वायटने पुन्हा मोजली, तेव्हा एकोणचाळीस भरली. तिसऱ्यांदा त्याने प्रत्येक हेल्मेटला बोट लावून मोजले. एक्केचाळीस. ऑगस्टमध्ये अडुसष्ट होती. बाकीची कुणाच्या गुडघ्यापायी, कुणाच्या खांद्यापायी, कुणाच्या नुसत्या कंटाळ्यापायी एकेक करून परत गेली होती. नऊ सामने झाले होते. आठ हरले होते. शनिवारी दहावा, शेवटचा.

शेजारच्या बाकावर टेरेल ओकाफोर घोट्याची चिकटपट्टी कापत बसला होता. चार वर्षे दोघे मैदानात खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते. वायट हॉगन सेंटर, म्हणजे रांगेच्या मधोमध वाकून चेंडू मागे देणारा. टेरेल त्याच्या उजव्या हाताला.

"आज तीनदा चुकलास," टेरेल म्हणाला. "दुसऱ्या हाकेला द्यायचा चेंडू पहिल्याच हाकेला दिलास."

"झोप झाली नाही."

"परवापासून? त्या नव्या पोराचं हेल्मेट तुझ्या कानशिलावर बसल्यापासून?"

"तू माझी आई आहेस का?"

"तुझी आई असतो तर कधीच घर सोडून गेलो असतो. डेनीसला सांगितलंय मी. वाट बघतेय ती. शिव्या द्यायच्या असतील तर नंतर दे."

वायटने शिव्या दिल्या नाहीत. तेवढेही त्राण उरले नव्हते. तो भिंतीला हात लावत पॅसेजमधून चालत गेला.

संघाच्या दुखापती बघणारी डेनीस तिच्या खोलीत कागद काढून बसली होती. ही परीक्षा वायटच्या ओळखीची होती. ऑगस्टमध्ये, पहिल्या सरावाआधी, प्रत्येक खेळाडूला ती द्यावी लागे. ऐकलेले शब्द परत सांगायचे, आकडे उलटे म्हणायचे, महिने उलटे म्हणायचे, डोळे मिटून एका पायावर उभे राहायचे. एकूण गुण तीस. पुढे कधी डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. ऑगस्टपेक्षा गुण कमी पडले तर मैदान बंद.

म्हणून नवख्या मुलांना चौथ्या वर्षाची मुले पहिल्याच दिवशी टॉवेल तोंडावर धरून शिकवत, "ऑगस्टमध्ये जरा ढ बनायचं. सात-आठ गुण सोडायचे. जास्त नको, तिला संशय येतो. मग मार बसला तरी आकडा तेवढाच राहतो." सगळेच सोडत. वायट रसायनशास्त्र शिकत होता. त्याने अंदाजाने सोडले नव्हते.

काल प्रयोगशाळेत तो आम्लात थेंब थेंब अल्कली सोडत होता. द्रावण गुलाबी झाले आणि आपण काय मोजत होतो तेच त्याला आठवेना. तो काचेचा फ्लास्क धरून तसाच उभा राहिला. शेजारची मुलगी आधी हसली, मग हसायची थांबली. तेव्हापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. डोक्यात किती उरले आहे ते कळायला हवे होते. आज काही सोडायचे नाही. पुरे गुण पडले तर शनिवारी खेळायचे. चौथ्या वर्षाची मुले त्या दिवशी आईवडिलांचा हात धरून मैदानात उतरतात. नॉर्थ डकोटाहून त्याचे वडील पहाटेच ट्रक काढणार होते. त्यांनी केसही कापून घेतले होते.

"तयार?" डेनीसने विचारले. "चमचा, कुंपण, मांजर, दोरी, लोणी."

"चमचा," वायट म्हणाला. "कुंपण. मांजर." पुढचे शब्द तो अंधारात दिव्याचे बटण चाचपावे तसा शोधत राहिला. डेनीस थांबली. बर्फाचे यंत्र कोपऱ्यात घरघरत होते. "लोणी," तो म्हणाला.

आकडे झाले. महिने उलटे म्हणून झाले. ते बरोबर आले असे त्याला वाटले. एका पायावर उभे राहताना दोनदा टेबल धरावे लागले. ज्या परीक्षेची त्याने चार वर्षे चेष्टा केली होती, तिच्यासाठी इतके कष्ट त्याने आयुष्यात कधी घेतले नव्हते.

डेनीसने बेरीज केली. मग ऑगस्टचा कागद काढून शेजारी ठेवला, आणि तिचे खांदे सैल झाले.

"बावीस. ऑगस्टमध्येही बावीसच." ती हसली. "हॉगन, तुझं डोकं मुळातच एवढं आहे रे! टेरेलने उगाच घाबरवलं मला. जा, शनिवारी खेळ. आणि वडील आले की मला भेटव."

दाराच्या काचेबाहेर टेरेल उभा होता. त्याने भुवया उंचावून विचारले.

वायट उठला नाही.

"आज मी एकही सोडला नाही," तो म्हणाला.

"काय सोडला नाहीस?"

"गुण. ऑगस्टमध्ये आठ सोडले होते."

डेनीसचे पेन थांबले.

"मोजून?"

"मोजून."

बाहेर कुणीतरी शॉवर बंद केला. डेनीसने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ऑगस्टच्या कागदावरचे बावीस खोडून त्यावर तीस लिहिले. आजच्या कागदावर बावीस होते.