साहेबरावांचे थांबे

डॉक्टर मंजुषा साहेबरावांच्या पावलावर बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधत होत्या. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. मग त्यांनी मशीन लावून पाहिलं. उजव्या पायात बारीकसा आवाज आला, डावा गप्पच राहिला.

"काका, चालताना पोटरी दुखून थांबावं लागायचं का?"

"न्हाई बा," साहेबराव म्हणाले.

शेजारी उभ्या त्यांच्या बायकोला, धुरपताबाईंना राहवलं नाही. तरणेपणी या माणसाच्या तोंडून शब्द निघत नव्हता, म्हातारपणी वाचा फुटली, असं त्यांनी सांगून टाकलं. रेणापुरात विहाराकडे निघालं की दर ओट्यापाशी उभा. याला जय भीम, त्याच्या सोयाबीनची चौकशी. नवऱ्याची तक्रार ऐकायला लातूरची डॉक्टर मिळाल्यावर बाई कशाला आवरतील?

डॉक्टर हसल्या नाहीत. आधी न थांबता कुठवर जायचे, एवढंच त्यांनी विचारलं. आधी गिरणीपर्यंत, बाई म्हणाल्या. मग हापशापर्यंत. आता तर शेजारच्या सिंधूच्या दारातच... बोलता बोलता त्यांनी नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं.

बिडीनं आणि रक्तातल्या साखरेनं पायाच्या रक्तवाहिन्या आवळत गेल्या होत्या. चाललं की दुखायचं, उभं राहिलं की थांबायचं. तेव्हाच आले असते तर बिडी सोडून, औषधं घेऊन, रोज बेतानं चालून भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. आता अंगठा जाणारच होता. पाय राहतो का, ते उद्याच्या तपासणीनंतर कळणार होतं.

'चला की, किती बोलता,' म्हणत आपण यांना चारचौघांत दंडाला धरून ओढलं, हे धुरपताबाईंना आठवलं. त्यांना स्वतःचाच संताप आला.

"मला का सांगितलं न्हाई?"

"घरीच बसवलं आसतंस की मला."

व्हीलचेअर लवकर येईना, तेव्हा साहेबराव चालतच वॉर्डाकडे निघाले. वाटेत बाकावर एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढे ते उभे राहिले.

"कोणतं गाव, बाई?"

"उदगीर," ती म्हणाली, आणि बोलणं तिथंच संपलं. साहेबरावांचा हात भिंतीवर होता.

धुरपताबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"उदगीरला कुठं ऱ्हाता? लेकरंबाळं किती? निवांत सांगा," त्या म्हणाल्या. "आमाला काई घाई न्हाई."