आवाज ओळखा

चौसाळ्याजवळच्या एका शाळेत गंगासागरबाई दुसरीच्या अकरा मुलांचा 'आवाज ओळखा' हा खेळ घेत होत्या. लेक वारल्यानंतर त्या आज पहिल्यांदाच शाळेत आल्या होत्या.

मुलांनी त्यांच्या डोळ्यांना रुमाल बांधला. एकेक जण मागून येऊन विचारायचा, "मी कोण?" बाईंनी अकराही नावं बरोबर सांगितली. टाळ्या वाजवत मुलं जागेवर गेली.

तेवढ्यात अगदी कानाशी आवाज आला, "मी कोण?"

बाईंनी रुमाल वर सरकवला. अकराही मुलं समोर बसली होती, बाईंच्या पाठीमागे बघत.

वळायचा धीर होईना. "मागं कोण हाय गं?" त्यांनी पुढ्यात बसलेल्या रुद्राणीला विचारलं.

"आमाला ठावं न्हाई, बाई," रुद्राणी हळूच म्हणाली. "पण लई रडायली."