नखाएवढा पर

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. एक मुलगी होती, प्रयोगशाळेत. माशांची जात ओळखायचं तिचं काम. दुकानातल्या पुड्यावर काळ्या पट्ट्या असतात, मशीननं वाचल्या की माल कळतो; तसाच माशाच्या डीएनएचा ठरलेला तुकडा वाचायचा, की जात कळली!

तिचे बाबा मासेमार. नदीवर धरणाची भिंत येणार म्हटल्यावर हट्टालाच पेटले. "रुपेरी अजून आहे आपल्या डोहात!"

रुपेरी म्हणजे बोटभर मासा. कित्येक वर्षांत कुणाला दिसला नव्हता. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यावरून नोंद तेवढी होती. तो सापडला तर भिंत अडणार होती.

"मग पाठवा. एक पर पुरे, माशाचा पोहायचा पंख, नखाएवढा," ती म्हणाली आणि स्पिरिटच्या बाटल्या देऊन आली.

पहिला पर आला. वाचायला जड गेला. टपालात तापला असेल, ती म्हणाली. पण वाचला. रुपेरीच! पोरगी खुर्चीतून उडालीच.

"बाबा, अख्खा मासाच पाठवा ना."

"उरलेत किती, त्यात मारू? पर कापतो, सोडून देतो."

"फोटो तरी?"

"हात ओले असतात गं."

मग दर महिन्याला एक. कधी पाठीचा, कधी पोटाचा, कधी शेपटीचा.

"दर वेळी वेगळा पर कसा हो?"

"मासा वेगळा, मग पर नको वेगळा?" म्हातारा खो खो हसायचा.

ती ऐटीत अहवालावर सही ठोकायची. तिला एकदाच, बाबांच्या शेजारी बसून, जिवंत रुपेरी बघायचा होता. पुढच्या रजेत नक्की, म्हणायची.

रजा मिळाली ती बाबा गेल्यावर.

ती खोली आवरत होती, तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन. "सहा नमुने झाले. अजून एक दिला तर भिंत कायमची रद्द. बाबांनी ठेवलाय का गं एखादा?"

"बघते हं." फोन कानाला तसाच ठेवून तिनं खाटेखालची पेटी ओढली. जुन्या जाळ्यात गुंडाळलेली काचेची बरणी. स्पिरिट पिवळं पडलेलं. आत एक रुपेरी. वर बाबांचं अक्षर, 'शेवटचा', आणि खाली साल, तिच्या जन्माचं.

पाठीचा पर नाही, पोटाचे नाहीत, शेपटी नाही. सगळे कात्रीनं कापलेले. छातीचा डावा तेवढा शाबूत.

"सापडला का गं?" मॅडम विचारत होत्या.

बरणीशेजारीच कात्री होती. सांग, तू काय केलं असतंस?