उलटतपासणी

"बाई, आज कोर्टात कशा आलात?" विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं.

जयवंतीचे वकील चपापले. भरधाव कारने तिच्या सायकलला मागून उडवलं, तेव्हापासून तिच्या पायात सळई होती. पाय नीट वाकत नाही म्हणून तर भरपाईचा दावा लावला होता. 'रिक्षाने आले म्हणा,' असं त्यांनी तिला बजावलं होतं.

"सायकलवर," जयवंती म्हणाली.

"म्हणजे पाय बरा झाला!" विमा कंपनीचा वकील हसत खाली बसला.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "दुखत नाही?"

"दुखतं ना. चढ आला की उतरून ढकलते. पण माझी अंगणवाडी पाड्यावर आहे, तिथे बस जात नाही. मी गेले नाही तर पोरांना खाऊ कोण घालणार?"

न्यायाधीशबाई लघुलेखकाला म्हणाल्या, "लिहा. पाय दुखत असूनही सायकल चालवावी लागते, कारण दुसरा इलाज नाही."

पुढे दावा मंजूर झाला. पण जयवंतीला रडू आलं ते त्या दिवशीच. इतक्या तारखा झाल्या, दुखतं का, असं कोर्टात तिला कुणी विचारलंच नव्हतं.