जीपची थरथर

बाबा हाडाचे मेकॅनिक आणि मी पुस्तकी किडा. एकदा त्यांचा हात मोडला, तेव्हा त्यांच्या जीपचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा फिरता दांडा, मी एकट्याने बसवला. हातांनी केलेलं आयुष्यातलं तेवढंच एक काम धड झालं, असं मी आजवर मानत आलो.

काल नव्या मेकॅनिकने तो शाफ्ट सोडवला. "काका, या दोन खुणा समोरासमोर यायला हव्या होत्या. बसवणाऱ्याने अर्धा फेरा चुकवलाय. वेग वाढला की गाडी थरथरत असेल ना?"

थरथरायची. लोकांच्या गाड्यांचा बिघाड नुसत्या आवाजावरून सांगणारे बाबा त्यानंतर अठरा वर्षं ती चालवत होते. थरथर सुरू झाली की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "रस्ते फार वाईट झालेत रे."