जपानी की जर्मन

"पप्पा, जर्मन गाडीच चांगली. तुम्ही जिंकलात," फोनवर पारस म्हणाला आणि पुखराजभाऊंच्या काळजात धस्स झालं.

जैन स्थानकात संवत्सरीचं प्रतिक्रमण आटोपून ते नुकतेच जळगावच्या आपल्या घरी पोचले होते. दिवसभराचा उपवास, घशाला कोरड. आज वर्षभराची भांडणं मिटवायची, हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं, आणि समोरच्यानं क्षमा करायची. कॅनडातल्या मुलानं रीत पाळली होती. बापाशी त्याचं दुसरं भांडण होतंच कुठं?

पारसची आई, सायरबाई, होत्या तोवर रविवारचा फोन त्यांचा असायचा. शेवटी त्या म्हणायच्या, "घ्या, बोला पोराशी." भाऊ 'बरा आहेस ना?' एवढं विचारून फोन परत द्यायचे. बाई गेल्या आणि फोन परत द्यायला कोणी उरलं नाही. जेवलास? हो. तुम्ही? हो. संपलं बोलणं.

मग पारसनं ती निळी जपानी गाडी घेतली. भाऊ सहज बोलून गेले, "जर्मन घ्यायचीस." पोरगा असा पेटला की अर्धा तास थांबेना. त्याची गाडी म्हणे रॅलीच्या शर्यतींत, चिखलात आणि बर्फात तयार झालेली, चारही चाकांनी जमीन धरणारी. भाऊंनी जन्मात स्कूटरपलीकडे काही चालवलं नव्हतं. पण पुढच्या रविवारसाठी त्यांनी दुकानाच्या गादीवर बसून जर्मन गाड्यांचे व्हिडिओ पालथे घातले. गिऱ्हाईक तूरडाळीचा भाव विचारी आणि शेठ टर्बोचा आवाज ऐकत बसलेले.

"जर्मन गाडीत धुळ्यापर्यंत पेल्यातलं पाणी हलणार नाही," भाऊ ऐकवायचे.

"आणि रस्ता उखडलेला असला तर? तुमची राणी एरंडोललाच बसकण मारेल!" पारस उसळायचा.

दर रविवारी हेच. त्या एका दिवशी घर खायला उठत नसे.

"उगाच वाद घातला मी," पारस आता म्हणत होता. "दर वेळी तुमच्यावर आवाज चढवला. मिच्छामि दुक्कडम्, पप्पा. पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही."

पुखराजभाऊ घाबरले, अगदी खरंच घाबरले. पुढच्या रविवारी काय बोलायचं? जेवलास? हो. क्षमा नाकारू नये, आजच्या दिवशी तर नाहीच नाही. आत्ताच स्थानकाच्या दारात त्यांनी कित्येक वर्षं अबोला धरलेल्या चुलतभावाला मिठी मारली होती.

"पप्पा? ऐकताय ना?"

"ऐकतोय." त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. "मिच्छामि दुक्कडम्, बेटा. बाकी सगळ्याची क्षमा. गाडीची नाही."